चौथीसाठी गाव सोडलेला मुलगा

उच्च शिक्षणातील समान संधीचा विषय निघाला की चर्चा गुणांच्या टक्क्यांवर आणि राखीव जागांवर येऊन थांबते. प्रवेश मिळालेला मुलगा राहणार कुठे, जेवणार काय, हे फारसे कुणी विचारीत नाही. वऱ्हाडात हा प्रश्न ज्यांनी जन्मभर मनावर घेतला, ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावची शाळा तिसरीपर्यंतच. चौथीसाठी त्यांना चांदूर रेल्वेला जावे लागले, पुढे कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल. मॅट्रिकनंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज गाठावे लागले, कारण अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज आणि नागपूरचे विद्यापीठ ही दोन्ही १९२३ सालची. शिक्षणाच्या प्रत्येक पायरीला नवे गाव आणि नवा खर्च.

१९२० मध्ये ते विलायतेला गेले. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले. बँकेत हयात घालविलेल्या माणसाला या कर्जाचे मोल चटकन कळते. कोरडवाहू शेतीचे उत्पन्न तारण धरून एवढ्या लांबच्या शिक्षणाला पैसे देणे कुठल्याही सावकाराला धाडसाचेच वाटले असते. मुलाने मात्र चीज केले. एडिंबरोची एम.ए., वैदिक वाङ्मयातील धर्मावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि शिवाय बॅरिस्टरी, एवढे मिळवून १९२६ मध्ये ते परतले.

अशा माणसाने वकिलीत बक्कळ कमाई केली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यापाड्यांतील निरनिराळ्या जातींची मुले, त्यांत अस्पृश्य मानलेली मुलेही, तिथे एकत्र राहत आणि जेवत. तो काळ असा होता, की १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्याच अमरावतीत सत्याग्रह करावा लागला. पंजाबराव त्यातही होते.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी कर वाढविण्याची अप्रिय गोष्टही त्यांनी केली. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. संविधान सभेत ते मागासवर्गीयांची बाजू मांडीत राहिले आणि अखिल भारतीय मागासवर्गीय महासंघाचे अध्यक्षही झाले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या मुलाला चौथीसाठी गाव सोडावे लागत नाही. पण इंजिनिअरिंग वा डॉक्टरकीसाठी बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर त्याहून लांबचे शहर गाठावेच लागते. फीमाफीने निम्मीच अडचण सुटते. खोलीचे भाडे आणि मेसचा डबा दर महिन्याला रोख मागतात, आणि सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच येतो, तोही पावसाने साथ दिली तर. मुलगी असेल तर सुरक्षित वसतिगृहावाचून घरचे पाठवीतच नाहीत.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांसाठी राज्य सरकारने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना सुरू केली आणि तिला पंजाबरावांचेच नाव दिले, हे उचितच झाले. मात्र हा भत्ता सत्र सुरू होताना हाती पडला तरच त्याचा उपयोग. वर्ष संपल्यावर आलेले पैसे आधी सावकाराकडे जातात. पंजाबरावांचे नाव घेणाऱ्यांनी पुतळ्याला हार घालण्याआधी एवढा एक हिशेब तपासून पाहावा.