दगडावरचे विनातिकीट प्रवासी

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कशाची? मासे नाही म्हणणार तो. म्हणेल, दगडाबरोबर आलेल्या आगंतुकांची! भोकात दडलेला किडा, कोपऱ्यातून पसरत जाणारा स्पंज, तोडलं तर तुकड्यातून पुन्हा उगवणारं ॲनिमोन. ही डोकेदुखी दीडशे वर्षांहून जुनी आहे. आणि ती घराघरात पोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता फिलिप हेन्री गॉसचा.

गॉस जन्मला १८१० मध्ये, इंग्लंडमध्ये. घरची गरिबी, त्यामुळे कॉलेज वगैरे काही नाही. सतराव्या वर्षी तो कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. तिथे सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि गडी किड्यामुंग्यांच्या नादी लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती जमली नाही. अलाबामात मास्तरकी केली. जमैकात पक्षी गोळा केले. १८४९ मध्ये मुलगा झाला, तेव्हा पठ्ठ्यानं डायरीत ती बातमी आणि जमैकाहून आलेल्या एका पाकोळीची पोच शेजारीशेजारी लिहिली!

१८५२ मध्ये तब्येत बिघडली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला खडकांमधली डबकी बघत बसायचा. हे सगळं घरी जिवंत ठेवता येईल का? पाणवनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, प्राणी तो वापरतात. दोघांचा मेळ बसला तर पाणी टिकतं. रॉबर्ट वॉरिंग्टनही त्याच काळात हेच प्रयोग करत होता. पण लोकांना वेड लावलं ते गॉसनं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यासाठी त्यानं समुद्री जीव पुरवले. १८५४ च्या त्याच्या पुस्तकामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यानं साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून समुद्राचं पाणी करायची कृतीही दिली.

आता गंमत बघा. समुद्री शेवाळ उपटलं की मरतं, म्हणून ते छिन्नी-हातोड्यानं दगडाच्या कपच्यासकट आणायचं. पण कपचा म्हणजे भरलेली एसटी! त्यावरचा स्पंज मेला की सडतो आणि अख्खी टाकी नासवतो. जगला तर उरलेल्या खाद्यावर पोसतो आणि पसरतो. उपाय आजही साधेच आहेत. नवा दगड थेट टाकीत टाकायचा नाही, काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून बघायचा. माशांना बेतानं खायला घालायचं. स्पंज खरवडलाच तर तुकडे नळीनं लगेच ओढून घ्यायचे. आणि सरसकट सगळ्यांना मारायचं नाही. बरेच स्पंज बिचारे पाणी गाळतच बसलेले असतात.

१८५७ साल गॉसला वाईट गेलं. बायको कॅन्सरनं गेली. बायबल आणि जीवाश्म यांचा मेळ घालणारं त्याचं पुस्तक आलं, त्याची टरच उडाली. तो मुलाला घेऊन डेव्हनलाच राहायला गेला आणि ब्रिटिश ॲनिमोनवर मोठा ग्रंथ लिहिला. पण किनारा बदलत चालला होता. त्याची पुस्तकं वाचून हौशी लोक बरण्या, छिन्न्या घेऊन आले आणि डबकीच्या डबकी ओरबाडून गेले. हे आपल्यामुळे झालं, ही खंत त्याला लागून राहिली, असं त्याच्या मुलानं पुढे लिहिलं. १८८८ मध्ये गॉस वारला.

टाकीत नको असलेला पाहुणा कोण, हे आपण पटकन सांगतो. त्या डबक्यांमध्ये नको असलेले पाहुणे मात्र आपणच होतो. तेव्हा मालवणला किंवा मुंबईच्या खडकांवर ओहोटीला गेलात तर बघा, फोटो काढा, पण दगड जागेवर ठेवा. आपल्याकडे प्रवाळ कायद्यानं संरक्षित आहे, तो उचलणं गुन्हा आहे. आणि टाकीचा कंटाळा आला म्हणून त्यातलं काही समुद्रात ओतू नका. तिथे तेच विनातिकीट प्रवासी ठरतात, आणि समुद्रातून त्यांना नळीनं ओढून काढता येत नाही.