नाडी हरवलेल्या हातांचा डॉक्टर

भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कोणी केलं? कॉलेजच्या क्विझमध्ये हा प्रश्न आला की भांडण ठरलेलं. एक टीम म्हणते डॉ. वेणुगोपाल, दिल्ली, १९९४. दुसरी म्हणते डॉ. प्रफुल्ल कुमार सेन, केईएम, १९६८. यशस्वी म्हणाल तर वेणुगोपाल. पण अगदी पहिलंच हवं असेल, तर गिरगावातून ट्रेन पकडून परळ गाठावं लागतं.

सेन बंगाली, जन्म १९१५ चा, पण कारकीर्द सगळी मुंबईत. शिकले शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएमच्याच आवारात. १९२६ मध्ये हे कॉलेज उघडलं तेव्हा देणगीदारांची अट होती, की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट म्हणजे गंमत नव्हती. पुढे सेन अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला जाऊन संशोधन शिकून आले आणि केईएममध्ये सर्जरीचे प्रोफेसर, मग विभागाचे प्रमुख झाले. प्रत्यारोपणाआधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळतं, हे पाहून त्यांनी माणसाच्या आजारी हृदयात सुईने बारीक वाटा पाडण्याचाही प्रयोग केला. डोकं असं भन्नाट चालायचं.

१६-१७ फेब्रुवारी १९६८ ची रात्र. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी पहिलं प्रत्यारोपण केल्याला तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचं ऑपरेशन जगातलं सहावं, आशियातलं पहिलं. पेशंट जेमतेम तीन तास जगला. सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तो पेशंट चौदा तास. त्यानंतर थांबले. मेंदूमृत्यूचा कायदा आपल्याकडे आला थेट १९९४ मध्ये. १९६९ ला पद्मभूषण मिळालं आणि सेन यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते.

माझ्या मते त्यांचं जास्त टिकलेलं काम वेगळंच आहे, आणि ते आपल्या वयाच्या मुलींशी जास्त संबंधित आहे.

केईएममध्ये असे तरुण पेशंट यायचे, बहुतेक बायका, ज्यांच्या मनगटावर नाडीच लागत नाही. एका हातात बीपी नॉर्मल, दुसऱ्या हातात खूप कमी. केस विंचरताना, कपडे वाळत घालताना हात भरून यायचा. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या फांद्या यांच्या भिंतींना सूज येते, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते. जपानच्या ताकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये याची एक केस मांडली होती, म्हणून जगभर त्यांचंच नाव. यात वारंवार सापडणारी धमनी म्हणजे सबक्लेव्हियन, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून हाताकडे जाणारी.

ती मुळाशीच बंद झाली तर एक विचित्र प्रकार होतो. चाळीत कसं, खालच्याने मोटर लावली की वरच्या मजल्यावरच्या नळातलं पाणी उलटं खेचलं जातं? तसंच. हात वापरायला लागलं की मेंदूकडे जाणारं रक्त मानेतल्या धमनीतून मागे फिरून हाताकडे येतं, आणि माणसाला चक्कर येते. घरचे म्हणतात, नीट खात नाहीस!

सेन, पॅथॉलॉजीचे किणरे, सर्जन परुळकर आणि केळकर यांनी अशा केसेस वर्षानुवर्षं नोंदवल्या. नाडी, एक्स-रे, ऑपरेशनमध्ये काय दिसलं, धमनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला, सगळं. १९७३ मध्ये या १०१ केसेसचं पुस्तक आलं. १०१ हा आकडा आज लहान वाटेल. पण तेव्हा ना सीटी स्कॅन हाताशी होता, ना कॉम्प्युटर. भारतात कित्येक जणींना हातापेक्षा पोटातल्या महाधमनीचा आणि किडनीच्या धमन्यांचा त्रास होतो आणि कमी वयात बीपी भयंकर वाढतं, हे अशाच कामांतून ठळक झालं. टीबीशी याचा संबंध असावा असा संशयही तेव्हा घेतला गेला. तो आजपर्यंत पक्का सिद्ध झालेला नाही.

तेव्हा उपाय म्हणजे चाकू. मान किंवा छाती उघडायची आणि बंद भागाला वळसा घालून नवी नळी जोडायची. इकडे अमेरिकेत डॉटर यांनी १९६४ मध्येच एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची धमनी आतून नळी सरकवून मोकळी केली होती. १९७४ मध्ये झुरिकच्या ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा लावला. सबक्लेव्हियनमध्ये फुगा वापरल्याचे अहवाल आले १९८० मध्ये. सेन १९८२ मध्ये गेले.

आज मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत हे काम कॅथलॅबमध्ये होतं. जांघेतून किंवा हातातून तार आत घालतात, अरुंद जागी फुगा फुगवतात, लागला तर स्टेंट बसवतात. अपघातात हीच धमनी फाटली तर कापडाचं अस्तर असलेला स्टेंट आतून बसवता येतो. हाडाच्या मागे लपलेल्या त्या जागी बाहेरून पोचणं सर्जनसाठी फार कठीण असतं.

पण ताकायासूत फुगा सगळं काम करत नाही. ही भिंत चिवट असते, फुग्याला जास्त दाब द्यावा लागतो. आणि सूज चालू असताना घाई केली तर वाट पुन्हा बंद होण्याची भीती असते. म्हणून आधी स्टेरॉइड वगैरे औषधांनी सूज उतरवायची, मग तार. त्यानंतरही वर्षानुवर्षं ओपीडीच्या फेऱ्या चालू राहतात, आणि दर फेरीला बीपी दोन्ही हातांत मोजायचं.