एसीचा शोध गारव्यासाठी नाही, हवेतलं पाणी काढण्यासाठी लागला होता

वाकड असो, पिंपळे सौदागर असो की चिखली. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीत एक भांडण ठरलेलं असतं. वरच्यांच्या एसीचं पाणी खालच्यांच्या गॅलरीत पडतं. नाहीतर ते घरातच भिंतीवरून ओघळतं आणि एसी बिघडला असं आपण म्हणून टाकतो.

पण मुळात एसी बनला तोच हवेतलं पाणी काढायला. तो बनवणाऱ्या माणसाचं नाव विलिस कॅरिअर.

२६ नोव्हेंबर १८७६ ला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ एका शेतकरी घरात त्याचा जन्म झाला. लहानपणी अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. तेव्हा आईने सफरचंदाचे अर्धे, पाव असे तुकडे करून त्याला ते शिकवले. अवघड गोष्ट सोपे तुकडे करून सोडवायची सवय त्याला तिथेच लागली. १९०१ ला कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनियर होऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर.

वर्षभरातच एक भलतीच अडचण त्याच्यापुढे आली. ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. एकाच कागदावर एकेक रंग वेगळा छापावा लागायचा. पण दमट दिवसात कागद फुगायचा, कोरड्या दिवसात आकसायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे पापड सादळतात, दारं फुगून घट्ट बसतात, तसाच प्रकार.

२५ वर्षांच्या कॅरिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवायचं ठरवलं. हवा गार झाली की तिला जास्त ओलावा धरून ठेवता येत नाही. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात, तसं पाणी नळ्यांवर जमतं आणि हवा कोरडी होते. त्याच्या या आराखड्यावर तारीख आहे १७ जुलै १९०२.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर दाट धुकं बघताना त्याला पुढचं सुचलं. थंड पाण्याचे फवारे मारूनही हवेतला ओलावा हवा तेवढा ठेवता येईल. त्याचं पेटंट १९०६ ला मिळालं. १९११ ला त्याने तापमान आणि ओलाव्याचं गणित मांडलं. एसीचं शास्त्र त्यावर उभं राहिलं.

इतकं करूनही १९१४ ला धक्का बसला. महायुद्ध सुरू झालं आणि कंपनीने हे काम आवरतं घ्यायचं ठरवलं. कॅरिअर हरला नाही. सात इंजिनियर एकत्र आले, ३२,६०० डॉलर जमवले आणि १९१५ ला स्वतःची कंपनी काढली.

सामान्य लोकांपर्यंत गारवा पोहोचला तो त्यानंतर. जुनी यंत्रं विषारी अमोनियावर चालायची. १९२२ ला कॅरिअरने जास्त सुरक्षित यंत्र आणलं आणि १९२५ ला न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये लोक गार हवेत सिनेमा बघू लागले. ७ ऑक्टोबर १९५० ला तो गेला, तेव्हा घरोघरी एसी अजून यायचा होता.

आज चाकणच्या कारखान्यांत गाड्यांना रंग देताना हवेतला ओलावा सांभाळावा लागतो, त्यामागे हेच गणित आहे. तुमच्या बेडरूममध्येही तेच. कॉईलवर जमलेलं पाणी ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाईपमधून बाहेर जातं. पाईपमध्ये धूळ आणि चिकट गाळ साचला की ट्रे भरतो आणि पाणी घरात येतं.

अशा वेळी आधी एमसीबी बंद करा. फिल्टर धुवा. पाईपला बाहेरपर्यंत सलग उतार आहे ना, मध्ये वर उचलला गेलेला नाही ना, त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नाही ना, ते बघा. बाहेरच्या टोकाला ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम लावला की गाळ निघतो. मग थोडं साधं पाणी ट्रेमध्ये ओतून ते बाहेर येतं का ते तपासा. कॉईलवर बर्फ दिसला तर मात्र मेकॅनिक बोलवा.

आणि एसी नीट चालू असताना पाईपमधून पाणी पडत असेल तर घाबरू नका, फक्त ते खालच्यांच्या गॅलरीत जाणार नाही असा पाईप फिरवा. काळजी करायची ती ऐन पावसाळ्यात एसी तासभर चालूनही पाईप कोरडाच राहिला तर.