नसांना कव्हर घालणाऱ्या पेशी आणि थिओडोर श्वान

वायरीला जसं कव्हर, तसं नसेला मायलिनचं वेष्टण. मेंदू-मणक्याबाहेरच्या नसांवर ते गुंडाळणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान यांचं नाव आहे.

श्वान यांचा जन्म १८१० साली जर्मनीतील नॉइस येथे सोनाराच्या घरी झाला. प्राण्यांचं शरीर पेशींचं बनतं, हे त्यांनी १८३९ च्या ग्रंथात मांडलं. नसेभोवतीच्या पेशीही त्यात टिपल्या. पण यीस्ट सजीव आहे आणि त्यामुळेच साखर आंबते, असं सांगितल्यावर नामांकित रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची टिंगल केली. त्याच वर्षी ते बेल्जियमला गेले. पुढे पाश्चर यांनी तेच सिद्ध केलं. १८८२ मध्ये श्वान यांचं निधन झालं.

आता कळलंय, की शरीर वाढताना नसच श्वान पेशीला न्यूरेग्युलिन या प्रथिनाद्वारे निरोप देते. निरोप जितका जोरदार, तितकं कव्हर जाड. हेच कव्हर खराब झालं, तर हातपाय लुळे पडू शकतात.