लॉरी बेकर

लॉरेन्स विल्फ्रेड तथा लॉरी बेकर (जन्म : २ मार्च, १९१७, बर्मिंगहॅम, मृत्यू : १ एप्रिल, २००७, तिरुवनंतपुरम) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले भारतीय वास्तुविशारद होते. फुटकी कौले, जुने लाकूड, भंगारातील दारे-खिडक्या अशा टाकाऊ वस्तूंचा बांधकामात उपयोग करून त्यांनी अल्प खर्चाची घरे उभारली.

जीवन

बेकर यांचे वास्तुकलेचे शिक्षण बर्मिंगहॅम येथेच झाले. ते क्वेकर पंथाचे असल्याने शस्त्र धरणे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते शुश्रूषा पथकातून चीनमध्ये गेले आणि तेथे त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. मायदेशी परतताना जहाजाच्या प्रतीक्षेत त्यांना मुंबईत थांबावे लागले. याच मुक्कामात त्यांचा महात्मा गांधींशी परिचय झाला. बेकर यांच्या पायांत चिंध्यांपासून हाताने बनविलेले चिनी जोडे होते. ते गांधीजींच्या नजरेस पडले व संभाषणाला सुरुवात झाली, असे सांगतात. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिसरातच मिळावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे आयुष्यभर जपला.

१९४५ मध्ये कुष्ठरोग निवारणाचे काम करणाऱ्या संस्थेसाठी ते भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील सुमारे सोळा वर्षे हे दांपत्य हिमालयातील पिठोरागढ येथे रुग्णसेवेत होते. बर्मिंगहॅमचे शिक्षण तेथे फारसे कामी आले नाही. दगड, माती आणि शेण यांचा वापर त्यांना गावकऱ्यांकडूनच शिकावा लागला, आणि त्यांचे खरे शिक्षण हेच म्हटले पाहिजे. १९६३ मध्ये ते केरळात आले व कालांतराने तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले.

बांधकामपद्धती

स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसत नाही. तो ताण लोखंडी सळ्या घेतात. म्हणून सळ्यांच्या मधल्या जागेत बेकर टाकाऊ मंगलोरी कौले बसवीत. त्यामुळे सिमेंट वाचे, छताचे वजन घटे आणि उष्णताही कमी जाणवे. ही पद्धत 'फिलर स्लॅब' या नावाने ओळखली जाते. 'रॅट ट्रॅप बाँड' या रचनेत विटा कडेवर उभ्या ठेवून भिंतीत पोकळी सोडली जाते. तीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. भिंतींना ते सहसा गिलावा करीत नसत.

भंगाराच्या ढिगांतून दारे व चौकटी शोधणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आक्कुळम येथील चित्रलेखा चित्रपट स्टुडिओचे कोरीव प्रवेशद्वार त्यांना असेच भंगारात सापडले. नकाशेसुद्धा ते अनेकदा रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर काढीत. तिरुवनंतपुरमच्या उळ्ळूर भागातील 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' या संस्थेचा परिसर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय.

मर्यादा आणि मराठवाडा

या पद्धतीत साहित्य वाचते, पण कुशल गवंडी आणि बांधकामावर सतत देखरेख लागते. त्यामुळे ठेकेदारांनी ती फारशी उचलली नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात ती जशीच्या तशी आणणेही योग्य नाही. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया निराळा घ्यावा लागतो. ३० सप्टेंबर, १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. तेव्हापासून लोकांचा मातीवरचा विश्वास उडाला, तो अकारण नव्हे. पोकळ भिंतीत उभ्या सळ्या व आडवे पट्टे घालून ही उणीव बरीचशी दूर करता येते. टाकाऊ साहित्याची मात्र येथे वाण नाही. पाडलेल्या वाड्यांचे सागवान आहे, आणि गंगाखेडच्या शेजारी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची राख आहे. अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत विटांच्या मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे केंद्र शासनाने १९९९ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले होते.

सन्मान

१९८५ मध्ये सी. अच्युत मेनन, के.एन. राज आणि टी.आर. चंद्रदत्त यांच्यासह बेकर यांनी 'कॉस्टफर्ड' ही संस्था स्थापन केली. त्यांना १९८९ मध्ये भारतीय नागरिकत्व आणि १९९० मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. 'कॉस्टफर्ड'मार्फत त्यांच्या पद्धतीची घरे आजही बांधली जातात.