रोशा गवताच्या नावातला सेनापती

पावसाळा ओसरला की धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात, सातपुड्याच्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पाते चुरगाळले तर बोटांना गुलाबाच्या जवळचा वास लागतो. खानदेशात त्याला रोशा म्हणतात, अन्यत्र तिखाडी. त्यापासून काढलेले रोशेल तेल आता शहरांतील दुकानांत पामारोझा या नावाने, गडद काचेच्या छोट्या बाटलीत मिळते. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव असते, सिम्बोपोगॉन मार्टिनी. या नावातला मार्टिन म्हणजे लखनौचा क्लॉड मार्टिन, ला मार्टिनिअर शाळांचा संस्थापक. खानदेशाशी त्याचा संबंध या नावापुरताच.

५ जानेवारी १७३५ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात पिंपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. सतराव्या वर्षाच्या आसपास तो फ्रेंच कंपनीचा शिपाई होऊन पाँडिचेरीला उतरला. इंग्रजांनी पाँडिचेरीला वेढा घातला आणि फ्रेंचांचे दिवस फिरले, तेव्हा त्याने बाजू बदलली व तो इंग्रजांच्या चाकरीत गेला. या पक्षांतराला फितुरी म्हणावे की व्यवहार, यावर त्याच्या चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तथापि त्या काळातील भाडोत्री शिपायाला आपल्या काळची राष्ट्रनिष्ठा लावणे फारसे न्याय्य नव्हे. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात असे शेकडो लोक होते, आणि शिंद्यांच्या फौजेत नाव काढणारा दि ब्वाञ हाही त्यांतलाच.

पुढे बंगाल व अयोध्या प्रांतांत त्याने जेम्स रेनेलच्या हाताखाली भूमापन केले. १७७६ पासून तो लखनौस नबाबाच्या तोफखान्याच्या कारखान्यावर देखरेख करू लागला आणि तेथेच त्याचे नशीब उघडले. नबाब असफउद्दौलाच्या दरबारात तोफा ओतणे, घड्याळे, आरसे व नाना तऱ्हेची युरोपीय यंत्रे पुरविणे, सावकारी, इमारती, नीळ या सर्वांत त्याने पैसा केला. १७८५ मध्ये त्याने लखनौवर गरम हवेचा फुगा उडवून दाखविला. मूतखड्याने हैराण झाला तेव्हा कोणा शल्यवैद्याकडे न जाता त्याने स्वतःच एक बारीक कानस तयार केली, ती मूत्रमार्गाने आत सारली आणि कित्येक महिने दिवसातून अनेक वेळा घासून खडा झिजवून टाकला. वैद्यकाच्या इतिहासात ही हकीकत आजही सांगितली जाते. जी वस्तू समोर येईल ती उकलून पाहण्याचा हा स्वभावच त्याला गवतापाशी घेऊन गेला.

१७९० ते १७९२ च्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो कॉर्नवॉलिसबरोबर टिपूविरुद्धच्या मोहिमेवर गेला. मराठे या युद्धात इंग्रजांचे दोस्त होते आणि परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा श्रीरंगपट्टणच्या बाजूला होत्या. त्या मोहिमेत बालाघाटच्या पठारावर मार्टिनला हे उंच गवत दिसले. (हा बालाघाट कर्नाटकातील घाटमाथा, आपल्या मराठवाड्यातील डोंगररांग नव्हे.) छावणीची गुरे त्यावर तुटून पडत, आणि ते गवत खाल्लेल्या जनावरांच्या दुधालोण्यालाच नव्हे तर मांसालाही त्याचा उग्र दर्प येई. हजारो बैलांच्या तांड्यात ही गोष्ट पुष्कळांनी पाहिली असेल. मार्टिनने मात्र बी गोळा केले, लखनौच्या आपल्या बागेत पेरले आणि त्यातून आलेले बी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याच्याकडे धाडले. रॉक्सबर्गने त्या गवताला त्याचे नाव दिले.

नाव मार्टिनचे लागले, पण तेल काढण्याची विद्या दुसऱ्यांची होती. एकोणिसाव्या शतकात या तेलाचे मोठे केंद्र होते ते खानदेश, विशेषतः नंदुरबार, शहादे, तळोदे, पिंपळनेर हा पट्टा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने त्याचे वर्णन केले आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून गवत कापावयाचे, वाळवावयाचे आणि वाहत्या ओढ्याकाठी भट्टी लावावयाची. लोखंडी कढईत पाणी व गवत घालून वर झाकण, आणि वाफ निसटू नये म्हणून सांध्याला उडदाच्या पिठाचा लेप. झाकणातून निघालेल्या, सुतळीने गुंडाळलेल्या बांबूच्या नळीचे दुसरे टोक ओढ्याच्या थंड पाण्यात बुडविलेल्या तांब्याच्या भांड्यात. वाफ निवली की पाण्यावर पिवळसर तेल तरंगते. गवताचे दोन प्रकार धरले जात. मोतिया हा गोड वासाचा व वरच्या भावाचा, तर सोफिया हा आल्यासारख्या तिखट वासाचा व दुय्यम.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांत व तेथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई आणि बल्गेरियाच्या गुलाबबागांतून पाकळ्यांवर शिंपडलेही जाई. युरोपात त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत, कारण ते तुर्कस्तानातून येई. म्हणजे खानदेशातील ओढ्याकाठचा घाम गुलाबाच्या नावाने आणि तुर्कांच्या नावाने विकला जात होता. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन याने याच तेलातून सुगंधाचे मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याला जिरॅनिऑल हे नाव मिळाले ते अर्थातच त्या व्यापारी नावावरून. चांगल्या मोतिया तेलात त्याचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक असते, गुलाबाच्या वासातही तेच द्रव्य असते, आणि भेसळ खपून जात होती ती म्हणूनच.

घरी हे तेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खानदेशात ते संधिवातावर चोळण्यासाठी, त्वचेच्या विकारांवर आणि डास पळविण्यासाठी वापरले जाई, पण उडनशील तेल निव्वळ कातडीवर लावणे धोक्याचे. जिरॅनिऑलने काहींना पुरळ उठते. चमचाभर तिळाच्या तेलात दोन थेंब पुरेत, आणि तेही आधी मनगटाच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. गरोदर स्त्रियांनी व तान्ह्या मुलांसाठी वैद्याला विचारल्यावाचून वापरू नये. बाटलीत गोडे तेल मिसळले आहे का, हे टीपकागदावर कळते. शुद्ध उडनशील तेलाचा थेंब काही तासांत उडून जातो, तर बियांच्या तेलाचा डाग मागे राहतो. गुलाबाची भेसळ करून नावारूपास आलेल्या तेलात स्वतःलाच भेसळ सोसावी लागते, यात एक प्रकारचा काव्यन्याय आहे.

मार्टिन १७९५ मध्ये मेजर जनरल झाला. त्याने लग्न केले नाही. बुलोन नावाची जी स्त्री आयुष्यभर त्याच्या घरी राहिली, तिला त्याने ती लहान मुलगी असताना विकत घेतले होते. तिला शिकविले, मृत्युपत्रात तिची तरतूद केली, हे खरे. पण तो व्यवहार त्याच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगताना बहुधा वगळला जातो. १३ सप्टेंबर १८०० रोजी लखनौस त्याचे निधन झाले. अपुऱ्या राहिलेल्या कॉन्स्टँशिया या आपल्या प्रासादाच्या तळघरात आपल्याला पुरावे, असे त्याने लिहून ठेवले होते. मृत्युपत्रातील पैशांतून लियाँ, कलकत्ता व लखनौ येथे शाळा निघाल्या, आणि लखनौची शाळा त्या थडग्यावरच भरते.

रॉक्सबर्गचा फ्लोरा इंडिका हा ग्रंथ १८२० मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून निघाला. तो संपादिला विल्यम कॅरीने, म्हणजे १८०५ मध्ये मराठीचे छापील व्याकरण काढणाऱ्या पाद्र्यानेच. रोशा गवताला मार्टिनचे नाव छापील रूपात मिळाले ते या ग्रंथात. तेव्हा मार्टिनला जाऊन वीस वर्षे व रॉक्सबर्गला पाच वर्षे झाली होती, आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात येऊन अवघी दोन.