हजार येनच्या नोटेवरचे डॉक्टर

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे चिरंजीव पार्कमध्ये सायकलवरून पडले. गुडघा चांगलाच सोलवटला. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तर तिची पहिली चौकशी धनुर्वाताच्या इंजेक्शनची. त्याच संध्याकाळी कोनबिनीत हजार येनची नोट काढली आणि लक्षात आलं, ते इंजेक्शन ज्या संशोधनातून आलं ते करणारा माणूस हातातल्या नोटेवरच आहे! शिबासाबुरो कितासातो. ३ जुलै २०२४ पासून ते आपल्या सगळ्यांच्या पाकिटात आहेत.

जन्म १८५३ चा, क्यूशूमधल्या कुमामोतोच्या डोंगराळ भागातल्या ओगुनी इथला. वडील गावचे मुखिया. शिबासाबुरोला डॉक्टरकीची अजिबात हौस नव्हती. पण कुमामोतोच्या वैद्यकशाळेत मानसफेल्ट नावाच्या डच डॉक्टरांनी त्याला मायक्रोस्कोपखाली शरीरातल्या ऊती दाखवल्या आणि गडी फिरला. पुढे तोक्योला वैद्यकीचं शिक्षण झालं, सरकारी नोकरी लागली आणि १८८६ पासून बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम सुरू झालं.

तिथे त्यांनी धनुर्वाताचा जंतू हाती घेतला. जंतू म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशीला केंद्रक असतं, याला तेही नाही. जखमेतल्या दहा जंतूंमधून हा एकटा काही केल्या वेगळा होत नव्हता. तो एकटा वाढूच शकत नाही, असंही काही जाणकार म्हणत. आमच्या धंद्यात असा न सापडणारा बग आला की आम्ही लॉग वाचत बसतो. कितासातोंनी तेच केलं, पेशीच्या सवयी वाचल्या. आपल्या पेशी ऑक्सिजनवर चालतात, याला तो विषासारखा. म्हणून वरवर खरचटण्यापेक्षा खोल रुतलेला खिळा वाईट. दुसरी सवय अशी, की दिवस वाईट आले की हा आपला जनुकीय ऐवज जाड कवचात बंद करून बीजाणू बनवतो. तेव्हा तो एका टोकाला गूल असलेल्या आगकाडीसारखा दिसतो. कितासातोंनी मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे जंतू मेले, कवचातले उरले. मग हवेऐवजी हायड्रोजन भरलेल्या चपट्या काचपात्रात ते वाढवले. १८८९ मध्ये निव्वळ धनुर्वाताचाच जंतू हाती आला. वाचायला सोपं वाटतं, पण तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं.

गंमत म्हणजे हा जंतू स्वतः जखमेतच बसून राहतो. फिरतं ते त्याचं विष. स्नायूंना थांबा म्हणणारा चेतापेशींचा निरोप ते बंद पाडतं, मग स्नायू ताठतात आणि शरीर धनुष्यासारखं वाकतं. आपल्याकडचं नाव किती नेमकं आहे बघा. कितासातोंनी प्राण्यांना हे विष अगदी थोडं थोडं देऊन पाहिलं, तर त्यांच्या रक्तद्रवात विषावरचा उतारा तयार झालेला! १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग यांच्याबरोबर त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९०१ चं वैद्यकाचं पहिलं नोबेल मात्र एकट्या बेरिंगना, घटसर्पावरच्या कामासाठी. मला हा अन्यायच वाटतो.

१८९२ मध्ये परतले तर घरीही स्वागत थंडच. बेरीबेरीचा जंतू सापडला, हा तोक्यो विद्यापीठातल्या ओगातांचा दावा त्यांनी बर्लिनहून खोडून काढला होता. ओगाता त्यांचे जुने सहाध्यायी, त्यामुळे विद्यापीठवाले रुसले. (बेरीबेरी जंतूनं होतच नाही, जीवनसत्त्वाच्या अभावानं होतो, म्हणजे बरोबर कितासातोच होते.) अशा वेळी फुकुझावा युकिची मदतीला आले आणि संसर्गजन्य रोगांची संस्था उभी राहिली. हेच फुकुझावा दहा हजाराच्या नोटेवर होते. कितासातो नोटेवर आले त्याच दिवशी तिथे नवा चेहरा आला.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग उसळला. कितासातो १२ जूनला पोचले आणि दोनच दिवसांत जंतू सापडल्याचं त्यांनी म्हटलं. तीन दिवस मागून आलेल्या येर्सांनीही तो शोधला, आणि त्यांचं वर्णन जास्त अचूक ठरलं. कितासातोंच्या नमुन्यात बहुधा दुसरा जंतू मिसळला होता. धनुर्वाताच्या वेळी जी भेसळ शिताफीनं टाळली, तीच इथे घाईत नडली. जंतूला नाव येर्सांचं मिळालं. तोच प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात पोचला. रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या, १० मार्च १८९७ ला. रँडचे सोल्जर घरं उपसत होते तेव्हा जंतू माहीत होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे कळायला १८९८ उजाडलं.

१९१४ मध्ये सरकारनं न विचारता त्यांची संस्था शिक्षणखात्याकडे, पर्यायानं त्याच विद्यापीठाकडे सोपवली. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ सहकाऱ्यांनीही. त्याच साली त्यांनी कितासातो संस्था काढली. पुढे फुकुझावांच्या केइओ विद्यापीठात वैद्यक विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखही तेच. १३ जून १९३१ रोजी ते गेले. २०१५ चे नोबेलविजेते सातोशी ओमुरा त्यांच्याच संस्थेतले.

तोक्योत शिरोकाने इथे त्या संस्थेच्या आवारात एक छोटंसं देऊळ आहे. कॉख गेल्यावर कितासातोंनी गुरूसाठी ते बांधलं. कितासातो गेल्यावर शिष्यांनी त्यांच्यासाठी शेजारी दुसरं बांधलं. पुढे दोन्ही एकत्र करण्यात आली. एका रविवारी मुलाला घेऊन जाऊन आलो. गुडघ्यावरची खपली तेव्हा नुकतीच पडली होती.